फोटोतला चौथा

ज्या वर्षी घरातलं माणूस जातं त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी करत नाहीत. कढई चढत नाही, कंदील लागत नाही, दारात रांगोळी पडत नाही. फराळ नातेवाईक डब्यात घालून आणून देतात, आणि चकली कितीही खुसखुशीत असली तरी तसं तोंडाने म्हणायचं नसतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, उन्हाळ्यात गेले आणि पावसाळा सरताच ही अशी दिवाळी आली. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. मी शाळेत शिकवते. सुट्टीत मला रिकामं बसता येत नाही आणि बसलेच तर कुणाशी तरी भांडते. नवऱ्याला म्हटलं, ही दिवाळी मी आईजवळ काढते. तो बरं म्हणाला, जरा लवकरच म्हणाला.

आई बजाजनगरात असते, अण्णांच्या कंपनीच्या दिवसांपासूनच्या त्याच दोन खोल्यांत. आजूबाजूच्या सगळ्या दारांवर कंदील होते आणि आमच्या दारावर नुसता खिळा. गल्लीतली पोरं फटाके घेऊन आमच्या दारापर्यंत ओरडत यायची, दारासमोर गप्प व्हायची आणि चार घरं पुढं जाऊन उडवायची. कुणीतरी त्यांना बजावलं असणार. चांगुलपणाच होता तो, पण मला त्याचाही राग यायचा. आई दिवसभर भिंतीला टेकून बसायची. चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. शेवटी मला तिच्याकडे बघवेना.

तिला कशात तरी गुंतवावं म्हणून मी अल्बम करायचं काढलं. आमचे सगळे फोटो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात होते, बरेचसे एकमेकांना चिकटलेले. सगळे सुट्टीतले. अण्णांच्या कंपनीला मे महिन्यात आठवडाभर सुट्टी असायची, कामगार तिला शटडाऊन म्हणायचे. त्या आठवड्यात अण्णा आम्हाला कुठंतरी नेऊन आणायचेच. वेरूळ, दौलताबाद, म्हैसमाळ, पैठणचं उद्यान, आणि हात अगदीच आखडलेला असला तर गावातल्या गावात पाणचक्की. कॅमेरा कंपनीतल्या एका दोस्ताचा, रोल आमचा. बाकी वर्षभर आमच्याकडे कुणी कुणाचा फोटो काढत नसे. त्यामुळे आमच्या घराचा सगळा इतिहास मे महिन्यातला आहे. प्रत्येक फोटोत ऊन आणि उन्हाने बारीक झालेले डोळे.

गुलमंडीवरून मी काळे जाड कागद आणले. आईने मैद्याची खळ शिजवली आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. मी दुकानातला डिंक आणते म्हटलं तर म्हणाली, "त्या डिंकानं कागद पिवळा पडतो. खळीनं चिटकवलेलं मात्र निघत नाय." पुठ्ठ्यावर चढवायला अण्णांच्या कंपनीच्या शर्टाचं निळं कापड घेतलं. खिशाची शिवण उसवताना आईचा हात जरा थांबला, पण तिने ती उसवली. मी दाभणाने भोकं पाडली, दोरा ओवला. दिवस कललेला असताना आई आपणहून उठली आणि तिने दोघींना चहा केला. अण्णा गेल्यापासून हे मी पहिल्यांदा बघत होते. मनात म्हटलं, चला, जमतंय.

पहिल्या पानावर मला एकच फोटो हवा होता. आई, अण्णा आणि मी. आम्ही तिघंच. बाकीचा अल्बम कसा का होईना, तो एक फोटो हवा होता, आणि तसा फोटो आमच्या घरात नव्हता. आता अण्णा नाहीत म्हटल्यावर तो कधी निघणारही नव्हता. आईवडील आणि त्यांची एकुलती उरलेली मुलगी, यांचा एकत्र फोटो नसावा हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. त्याचं कारण असं.

मला एक भाऊ होता, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दुसरीत असताना, पावसाळ्यात, कावीळ होऊन गेला. त्याच्या आधीच्या मे महिन्यात आम्ही वेरूळला गेलो होतो. कैलास लेण्यातल्या दगडी हत्तीपुढं अण्णांनी आई, मी आणि भाऊ असा फोटो काढला. अण्णा कॅमेऱ्यामागं, म्हणून फोटोत तिघं. तो चांगला आला म्हणून फ्रेम करून भिंतीवर लावला होता. दुखवट्याला आलेल्या शेजारणींपैकी एकीने तो पाहिला आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच हळूच, म्हणाली, "तिघांचा फोटो कामून काढला बाई? तिघांतलं एक जातं." तीन तिगाडा काम बिगाडा हे मी तोवर फक्त खेळात भिडू कमी पडला की ऐकलं होतं. आई उठली, तिने फोटो भिंतीवरून काढला आणि उलटा करून कपाटात ठेवला. त्या बाईने मग आमच्याच कपातून चहा घेतला. तिला काही वाटलं असेल असं तिच्या तोंडावर दिसलं नाही.

तेव्हापासून आम्ही घरात तिघंच उरलो आणि तिघांचा फोटो बंद झाला. दोघांचा चालेल, चौघांचा चालेल. पण सुट्टीत एक तरी फोटो सगळ्यांचा झाला पाहिजे हा अण्णांचा हट्ट. त्यावर तोडगा निघाला तो असा की चौथा माणूस उभा करायचा. कॅमेरा तिथल्या एखाद्या फोटोवाल्याच्या हातात द्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांतला एक जण विनवून आपल्यात घ्यायचा. कुणीही. निदान मला तरी वाटायचं, कुणीही.

पहिल्या वर्षी दौलताबादच्या किल्ल्याखाली एक काकड्या विकणारा पोरगा मिळाला. अण्णांनी त्याला बोलावलं तर तो म्हणाला, "मेरेकू कायकू?" अण्णा म्हणाले, "फोटो में चार होना, बेटा." त्याने टोपली खाली ठेवली, हातावर थुंकी घेऊन केस बसवले आणि ऐटीत येऊन उभा राहिला. आईने वाकून त्याच्या गळ्याची गुंडी लावली आणि मला म्हणाली, "त्याच्या खांद्यावर हात ठेव." मी ठेवला. पुढं दरवर्षी हे ठरूनच गेलं. एका कडेला अण्णा, त्यांच्याजवळ आई, मग तो कोण असेल तो, आणि दुसऱ्या कडेला मी, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. मी लाजेने अर्धी व्हायची. शाळा उघडल्यावर मैत्रिणींनी फोटो बघितले आणि हा कोण म्हणून विचारलं तर काय सांगायचं? आमचा काकडीवाला?

एका वर्षी म्हैसमाळला अण्णांनी एक म्हातारे गृहस्थ आणले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, फोटोची चांगली हौस असलेले. आईने मान हलवली. "हे नको." अण्णा ओशाळले. म्हाताऱ्याला हात जोडून त्यांनी परत पाठवलं आणि उन्हातान्हात कुठं कुठं हिंडून बऱ्याच वेळाने एक शेळ्या राखणारा पोरगा धरून आणला. फाटकी चड्डी, पायात काही नाही, अंगाला शेळ्यांचा वास. आईने त्याला लगेच जवळ घेतलं. हा उफराटा न्याय मला कळेना. घरी येईपर्यंत मी दोघांशीही बोलले नाही, आणि बसमध्ये अण्णांनी हातात ठेवलेली गोळीसुद्धा खाल्ली नाही.

माझं लग्न झालं आणि चौथा आयताच मिळाला. माणसं हुडकणं थांबलं. नवऱ्याला मी ते सगळे फोटो हसत हसत दाखवायची. एका भोचक बाईच्या बोलण्यापायी आमच्या घराचा एकही फोटो आमच्या घराचा राहिला नाही बघ, म्हणायची. अण्णा तिथंच बसलेले असायचे आणि चष्मा पुसत राहायचे. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस, हेही मी आईच्या देखत म्हणून घ्यायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी आई आत आडवी झालेली, आणि मी पुढच्या खोलीत सगळे फोटो मांडून बसलेली. तिघांचा फोटो नाही ना, मग करू. कात्री हातात होती. चौथ्याला मधून काढायचा, दोन्ही बाजू जवळ आणायच्या, खळ लावायची, झालं. त्यातल्या त्यात लख्ख आलेला पाणचक्कीचा फोटो मी निवडला आणि आई आणि तो पोरगा यांच्या मधून कात्री घातली. मग त्याच्या आणि माझ्या मधून. दोन्ही बाजू जवळ आणून बघितल्या. अण्णा, आई आणि मी. तिघंच. पण माझा हात मनगटापाशी संपत होता. पंजा त्या पोराच्या खांद्यावर होता आणि खांद्याबरोबर गेला होता.

दुसरा फोटो घेतला. तेच. तिसऱ्यात तर जवळजवळ कोपरापर्यंत गेला. त्याला काढायचं तर माझा हात ठेवता येत नव्हता आणि हात ठेवायचा तर त्याचा खांदा राहत होता. शहाण्या माणसाने तिथं थांबायला हवं होतं. पण मी एकदा हट्टाला पेटले की मला थांबता येत नाही, एकात तरी जमेल म्हणून मी कापत गेले. निम्म्याहून जास्त फोटो तसे झाले. सगळ्यांत मी हाताशिवाय, आणि चटईवर ते पोरगे सुटे पडलेले.

आई खळीची वाटी घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली.

"काय करायलीस?"

"पहिल्या पानासाठी फोटो करतेय. आपल्या तिघांचा."

"आन कापलंस कशाला?"

"मग काय करू? परकी माणसं अल्बमात कशाला? ना नावाची ना गावाची. आपण तिघंच हवे होतो मला, एका तरी फोटोत."

ती वाटी खाली ठेवून चटईवर बसली आणि तिने ते सुटे तुकडे गोळा करायला घेतले. एकेक तुकडा पदराने पुसायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि काळ्या कागदावर ठेवायची. एखादा ठेवलेला उचलून दोघांच्या मधे सरकवायची. न कापलेले फोटोही तिने मधे मधे लावले. मला वाटलं, तिला वाईट वाटलंय, हाताला काहीतरी चाळा म्हणून चाललंय. मी तुकड्यांकडे बघत होते आणि मग मला दिसलं. ओळीतला पहिला पोरगा एवढासा. दुसरा त्याच्याहून बोटभर मोठा. पुढचा आणखी थोडा. शाळेची चड्डी जाऊन पँट आली, पँट आखूड झाली, गाल बसले. शेवटच्याला मिसरूड फुटलेली. फोटोंच्या मागे कुणी कधी तारखा घातल्या नव्हत्या. आईला त्यांची गरज नव्हती.

"हा तिसरीतला," ती काकडीवाल्यावर बोट ठेवून म्हणाली. "तिसरीत आसता त्या साली. ह्याचे बी पुढचे दात नव्हते, बघ. हा चौथीतला. हा शेळ्यावाला पाचवीतला, लई गरीब लेकरू व्हतं, त्याला तुझ्या अण्णानं डब्यातली पोळी दिली. हा आठवीतला. ह्याचा आवाज फुटायला लागला व्हता. मावशी म्हणला मला."

मग मी म्हटलं, "तिघांचा फोटो नको म्हणून होतं ना ते सगळं?"

"पहिल्या साली तसंच व्हतं. लई भेले व्हते मी. समोर आला त्याला उभा केला. मग फोटो धुवून घरी आला आन मी बघितलं तर आपल्या पोराएवढाच की. वाटलं, वाढलाय जरा." तिने काकडीवाल्याचा तुकडा सरळ केला. "मग पुढच्या साली तुझ्या अण्णाला म्हणले, एवढाच बघा. तेवढा नसंल तर नको."

"अण्णांना माहीत होतं?"

"मी काय सांगितलं नाय. त्यांनी कधी विचारलं नाय. पण हुडकून आणायचे बराबर."

उन्हातान्हात हिंडणारे अण्णा मला आठवले. ओशाळं हसत, कपाळाचा घाम पुसत, एखाद्या पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला घेऊन येणारे. दरवर्षी त्यांना मनातल्या मनात मुलाची उंची वाढवून घ्यावी लागली असणार. मी बसमध्ये त्यांची गोळीसुद्धा खाल्ली नव्हती.

"मग थांबवलं कामून?" मी विचारलं. घरी आले की माझ्याही तोंडात तेच शब्द येतात.

"तुझं लग्न झालं. जावई उभे राह्यले, चार झाले. आता आजून एक बोलवा म्हणायला मला तोंड नाय राह्यलं." तिने शेवटच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. "बारावीच्या पुढं गेलाच नाय बघ तो."

मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग. इतकी वर्षं ही दोघं दर मे महिन्यात एक मुलगा वाढवत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. हात मात्र माझा वापरला. "मला का नाही सांगितलं?" मी जरा जोरात विचारलं असणार, कारण तिने दाराकडे बघितलं.

"सांगितलं आसतं तर तू हात काढून घेतला आसता."

खरं होतं. मी घेतलाच असता. आईला मी जेवढी कळले आहे तेवढी ती मला कळलेली नाही, हे त्या वाक्यात मला समजलं, आणि माझा राग तिथंच मेला.

"चिटकव परत," ती म्हणाली.

मग आम्ही संध्याकाळपर्यंत ते काम केलं. मी खळ लावायची, आई तुकडा बसवायची आणि नखाने दाबत राहायची, कडा वर येऊ नयेत म्हणून. बहुतेक फोटो जुळले. माझा पंजा मनगटाला येऊन भिडला. पण प्रत्येक पोराच्या दोन्ही अंगांना एक पांढरी रेघ राहिली, ती कशानेही जाईना. पहिल्या पानावर आईने काकडीवाल्याचा फोटो लावायला सांगितला, मी लावला. तिघांच्या फोटोचा विषय तिने काढला नाही आणि मीही नाही. बाहेर अंधारून आलं होतं, शेजारच्या कंदिलाचा लाल उजेड आमच्या उंबऱ्यापर्यंत येत होता. कितीतरी दिवसांनी आईच्या चेहऱ्यावर जरा जीव दिसत होता. ती पान उलटायची आणि तिचं बोट बरोबर मधोमध जाऊन थांबायचं. एकदाही ते कडेला सरकलं नाही. मी वाट बघत होते. चष्मा लावलेली, पोरांच्या वह्या तपासणारी बाई मी, आणि वाट बघत होते.

शेवटी न राहवून म्हटलं, "आणि मी गं? ह्यात मी कुठं आहे?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"तू तर व्हतीसच की," ती म्हणाली, आणि पुढचं पान घेतलं.

तिने ते अगदी सहज म्हटलं, घरात मीठ आहेच की, म्हणावं तसं. मनात काही वाकडं ठेवून बोलायची तिची रीतच नाही. मी उठून मोरीत गेले आणि हाताची खळ धूत राहिले. खळ केव्हाच निघून गेली होती. मला वाटत होतं, त्या पावसाळ्यात कावीळ मला झाली असती तर हिने माझ्यासाठीही दरवर्षी एक पोरगी हुडकायला लावली असती, तिच्या गळ्याची गुंडी लावली असती, तिचे पडलेले दात लक्षात ठेवले असते. आणि भाऊ तिच्या खांद्यावर हात ठेवून कडेला उभा राहिला असता.